वेल्श बाईंचं परीक्षण

जर्मनीत येन्याला आमच्या घरमालकीणबाईंच्या घरात ‘छान’ या शब्दाला बंदी होती. जर्मनमध्ये ‘श्योन’ म्हणा, इंग्रजीत ‘नाइस’ म्हणा, बाईंचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा व्हायचा. शेजारच्या आजी एकदा घरी केलेला प्लम केक घेऊन आल्या. मी एक घास खाऊन सवयीने ‘श्योन’ म्हणून मोकळी झाले. बाईंनी डोळे मिटून अख्खा तुकडा संपवला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, “पहिला अर्धा भाग पटतो. नंतर साखरेने विषय सोडलाय.”

मला वाटलं, आता आजी रागावणार. आजी पुढच्या शुक्रवारी परत केक घेऊन हजर. ‘छान’ काय, त्यांची मुलंही म्हणायची. निकाल फक्त बाई द्यायच्या.

बाई वेल्श भाषेत कादंबऱ्या लिहायच्या आणि वेल्शमधल्याच एका त्रैमासिकात इतरांच्या कादंबऱ्यांवर परीक्षणं लिहायच्या. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला डोंगराळ, ओला देश. तिथली भाषा इंग्रजीहून पार वेगळी. हे बाईंना आयुष्यभर समजावून सांगावं लागलं. आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्यांना विचारलं होतं, “म्हणजे ही इंग्रजीचीच बोली ना?” बाई गोड हसून म्हणाल्या, “गेनाऊ, अगदी बरोबर. आणि जर्मन ही डचची.” तो बिचारा घरी जाईपर्यंत विचार करत असणार.

त्या मागच्या थंडीत वारल्या. आम्ही त्याआधीच येना सोडून गार्चिंगला आलो होतो. त्यांच्या गावाकडच्या त्रैमासिकाने त्यांच्यावर एक अंक काढला आणि मला पाठवला. मला त्यातलं वाचता काहीच येत नाही. फोटो मात्र मी पुन्हा पुन्हा बघते. सगळ्या फोटोंत बाई फोटोग्राफरचं काहीतरी चुकतंय अशा नजरेने बघतायत.

आमची पहिली भेट घर बघायला गेलो तेव्हाची. येन्यात घर मिळणं म्हणजे दिव्य. कागदपत्रांच्या फायली घेऊन आठ-नऊ जोडपी त्यांच्या पायऱ्यांवर उभी होती. मी एका लेन्स बनवणाऱ्या कंपनीत नुकतीच लागले होते, नवरा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करत होता, लेक चार वर्षांची. आमचा नंबर आला. बाईंनी फाइलला हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, “मला तुमच्या भाषेत रागावून दाखवा.”

नवरा सभ्य माणूस. त्याने फाइलच आणखी पुढे केली. मला मात्र तासभरापासून तुंबलेलं होतंच. मी सुरू झाले, “अहो बाई, चारला या म्हणालात आणि पाचपर्यंत पायऱ्यांवर ताटकळत ठेवलंत. लेकरू थंडीने काकडून गेलंय. आणि आता वर आमची परीक्षा? आम्ही माणसं आहोत का बाजारातली वांगी, उलटीपालटी करून बघायला?”

बाईंनी कान माझ्याकडे केला. “शेवटचं वाक्य पुन्हा.”

मी पुन्हा म्हटलं. जरा जोरातच.

“घर तुमचं,” बाई म्हणाल्या. पुढे कधीतरी मी त्यांना त्या बोलण्याचा अर्थ सांगायला गेले, तर म्हणाल्या, “मला कळलं होतं की. उशीर मीच केला होता.”

वरचा मजला आमचा, खालचा त्यांचा. खाली दोन टेबलं होती. बागेकडे तोंड करून असलेलं कादंबरीचं, आणि भिंतीकडे तोंड करून असलेलं समीक्षेचं. चष्मेही दोन. हिरव्या फ्रेमचा लावून त्या लिहायच्या, काळ्या फ्रेमचा लावून तेच लिहिलेलं तपासायच्या. माझं कामच काचांचं, त्यामुळे मला राहवेना. एकदा त्या स्वयंपाकघरात असताना मी दोन्ही चष्मे उजेडात धरून पाहिले. नंबर हुबेहूब एक. मी त्यांना तसं सांगितलं. “अर्थात एक,” बाई म्हणाल्या. “डोळे तेच आहेत. माणसं दोन आहेत. काळ्या चष्म्याच्या बाईला हिरवीची दया येत नाही, एवढंच मला हवंय.”

जिन्यात लावलेल्या नोटिसा त्या लाल पेन्सिलीने दुरुस्त करायच्या. कचऱ्याच्या वेळापत्रकाच्या पत्रकातलं एक सहा ओळींचं वाक्य त्यांनी दोन ओळींचं करून नगरपालिकेला परत पाठवलं होतं आणि ‘असं लिहिलंत तर लोक प्लास्टिक योग्य पिशवीत टाकतील’ अशी टीपही जोडली होती. उत्तर आलं नाही, याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं.

माझ्या लेकीशी त्या वेल्श बोलायच्या. लेकीचं तेव्हा असं होतं की आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. पण बाईंच्या वेल्शला ती मराठीत उत्तर द्यायची! बाहेर कुणाला न कळणाऱ्या सगळ्या भाषा तिच्या डोक्यात एकाच डब्यात असाव्यात. बाईंनी तिला शिकवलं होतं की त्यांच्याकडे मांजर म्हणजे ‘काथ’, पण मांजर त्याचं असेल तर ‘गाथ’, आणि तिचं असेल तर ‘खाथ’. “शेजारी कोण आहे ते बघून आमचे शब्द तोंड बदलतात,” बाई म्हणाल्या. लेक आठवडाभर जिन्यात “खाथ, खाथ” करत फिरत होती.

रविवारी दुपारी चार वाजता मला खाली बोलावणं असायचं. चहा व्हायचा आणि मग बाई त्या आठवड्यात लिहिलेली पानं मला वाचून दाखवायच्या. वेल्शमध्ये. पहिल्याच रविवारी मी म्हटलं, “अहो, पण मला ओ की ठो कळत नाही.”

“म्हणूनच तुम्ही हव्या. ज्यांना कळतं ते गोष्टीत अडकतात. तुम्ही नुसतं ऐका आणि कंटाळा आला की बोट वर करा.”

मी पाऊण तासात एकदाही बोट वर केलं नाही. बाईंनी पानं खाली ठेवली. “आल्झो, म्हणजे तुम्ही सौजन्य दाखवताय. पुढच्या रविवारी ते वरच्या मजल्यावर ठेवून या.”

मग मी खरंच ऐकायला लागले. आणि गंमत म्हणजे कळायला लागलं. अर्थ नाही, पण चाल. कुठे वाक्य आपल्या पायाने चालतंय आणि कुठे त्याला ढकलावं लागतंय, ते कळायचं. मी बोट वर केलं की बाई पेन्सिलीने खूण करायच्या, आणि दहापैकी सात-आठ वेळा म्हणायच्या, “बरोबर. इथे मला स्वतःलाच माहीत नव्हतं मी काय म्हणतेय.”

असं वर्षभर चाललं. मग त्या एकदा म्हणाल्या, “आता तुम्ही वाचा.”

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी एक गोष्ट लिहिली होती हे त्यांना लेकीकडून कळलं होतं. गोष्ट आईच्या शेवटच्या दिवसांवर होती. नवऱ्याने वाचून ‘मस्त’ म्हटलं होतं. मंडळातल्या एका मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी लॅपटॉप घेऊन खाली गेले, जरा रुबाबातच, आणि वाचायला लागले. बाई खिडकीकडे बघत ऐकत होत्या. चौथ्या पानावर त्यांचं बोट वर झालं.

“कंटाळा आला?” मी विचारलं.

“नाही. पण तुम्ही निघून गेलात. इथपर्यंत तुम्ही बोलत होता. इथून पुढे स्टेशनवरची घोषणा सुरू झाली. काय आहे या परिच्छेदात?”

मी जर्मनमध्ये सांगितलं. मी आईच्या उशाशी बसले होते. तिचा हात माझ्या हातात होता. बाहेर पहाट होत होती.

बाईंनी खिडकीवरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, “तुम्ही तिथे नव्हता.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुम्हाला मराठीचं एक अक्षर कळत नाही,” मी म्हटलं, “आणि तुम्ही मला सांगणार मी कुठे होते?” लॅपटॉप मिटला आणि वर निघून आले. नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो माझी बाजू घेईल. तो म्हणाला, “अगं, पण त्यांना कळलं कसं?”

कारण खरं तेच होतं. सांगलीहून दादाचा फोन आला होता, “निघ.” माझ्या डिझाइनचा रिव्ह्यू शुक्रवारी होता. मी म्हटलं, शनिवारच्या विमानाने येते. आई गुरुवारी गेली. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता आणि दादाने सगळं एकट्याने केलं होतं. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. ‘तू येऊन तरी काय करणार होतीस’ असंच सगळे म्हणाले. दादा तर काहीच म्हणाला नाही. त्या दिवसापासून आम्ही दर आठवड्याला फोनवर बोलायचो, पोरांच्या शाळेचं, हवेचं, त्याच्या गुडघ्याचं. त्या आठवड्याचं कधीच नाही.

तीन रविवार मी खाली गेले नाही. जिन्याच्या खिडकीतून दिसायचं, चार वाजता टेबलावर दोन कप मांडलेले असायचे. चौथ्या रविवारी गेले आणि दारातच उभी राहून म्हणाले, “मी तिथे नव्हते.”

“बसा,” बाई म्हणाल्या. “चहा गार होतोय.”

चहा घेऊन झाल्यावर म्हणाल्या, “आता ते लिहा.”

“कोण वाचणार ते? मंडळातले पन्नास लोक आणि माझा भाऊ.”

“भाऊ वाचेल ना? मग त्याच्यासाठी लिहा. पन्नास जण शेजारी बसून ऐकतील.”

मी ते पान नव्याने लिहिलं. त्यात रिव्ह्यू आला, विमान आलं, आणि दादाच्या मुंडण केलेल्या डोक्याकडे बघून मी घराच्या दारात थांबले होते तेही आलं. अंक निघाला. फिरत फिरत तो व्हॉट्सअ‍ॅपवर सांगलीला पोचला. एका सकाळी दादाचा फोन आला.

“वाचलं,” तो म्हणाला.

मी चहाचं पातेलं खाली उतरवलं.

“मला वाटलं होतं, तू हे कधी बोलणारच नाहीस.” मग त्याने खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. “आईने बुधवारी दोनदा विचारलं होतं, तुझं विमान किती वाजता पोचतंय. मी तुला सांगितलं नव्हतं. ऐकायचंय का सगळं?”

“सांग,” मी म्हटलं. आणि त्याने सांगितलं. एक तास दहा मिनिटं. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून ऐकलं. आई शेवटच्या दिवशी कुणावर तरी चिडली होती आणि चहात साखर कमी आहे म्हणाली होती, हेसुद्धा मला तेव्हा कळलं. आम्ही दोघं रडलो आणि त्या साखरेवरून हसलोही.

मी तशीच खाली गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, जवळ घेतील. बाईंनी विचारलं, “आणि बाहेरची पहाट? ती काढलीत का?”

“काढली.”

“उत्तम.” मग खुर्ची माझ्याजवळ ओढत म्हणाल्या, “आता आपण ‘डू’ म्हणू या. एवढं झाल्यावर ‘झी’ म्हणणं हास्यास्पद आहे.” त्या दिवसापासून त्या मला ‘तू’ म्हणायला लागल्या. मीही जर्मनमध्ये ‘डू’ म्हणायचे, पण आतल्या आत जीभ त्यांना अहो-जाहोच करत राहिली.

त्याच दुपारी त्यांनी मला त्यांच्या मैत्रिणीचं सांगितलं. लोकांना वाटायचं बाई नवऱ्यासाठी जर्मनीत आल्या. नवरा इथला, काचेचा रसायनतज्ज्ञ, आम्ही यायच्या आधीच वारलेला. “लग्न हे निमित्त,” बाई म्हणाल्या. “मी आले ती परीक्षणं लिहिता यावीत म्हणून. आमच्याकडे ज्याच्या पुस्तकावर मी आज लिहिणार, तो उद्या मला पावाच्या दुकानात भेटणार. त्याची बहीण माझ्या आईला तपासणारी डॉक्टर असणार. अशा ठिकाणी सगळीच पुस्तकं छान असतात.”

येन्यात येऊन त्यांनी पहिलं परीक्षण लिहिलं ते लहानपणापासूनच्या मैत्रिणीच्या कादंबरीवर. दोघी एका बाकावर शिकलेल्या. परीक्षण कडक होतं. मैत्रिणीने त्यानंतर पत्र लिहिलं नाही, फोन घेतला नाही.

“तुम्हाला वाईट वाटतं?” मी विचारलं.

“मी लिहिलं ते बरोबर होतं. मी ते आत्ता काळ्या चष्म्याने वाचलं तरी बरोबरच आहे.” त्या कपाशी चाळा करत राहिल्या. “पण त्यानंतर तिने कादंबरी लिहिली नाही. वीस वर्षांत एकही नाही. तुमच्या भाषेत कोट्यवधी माणसं आहेत. आमच्याकडे चांगलं लिहू शकणारी माणसं एका बसमध्ये मावतात. त्यातून एक जण माझ्यामुळे उतरली.”

एवढ्या वर्षांत त्यांना असं हळू बोलताना मी तेव्हाच ऐकलं.

दोन वर्षांनी बाईंची नवी कादंबरी आली. मी जिच्यासाठी रविवारी बोट वर करायचे तीच. पुस्तक वेल्समध्ये निघालं, आणि त्रैमासिकाच्या संपादकाने ते परीक्षणाला दिलं नेमकं त्या मैत्रिणीला. हे बाईंना अंक हातात पडला तेव्हाच कळलं. त्यांनी हाक मारून मला खाली बोलावलं. अंक टेबलावर बंद होता.

“तू बस,” म्हणाल्या. “मला एकटीने वाचायचं नाहीये.”

त्या एकेक वाक्य आधी वेल्शमध्ये वाचत, मग मला जर्मनमध्ये सांगत. पहिले दोन परिच्छेद कथानकाचे होते. तिसऱ्यात बाईंचा आवाज बदलला. मैत्रिणीने लिहिलं होतं की या कादंबरीतली सगळी माणसं लेखिकेइतकीच हुशार आहेत. कुणी कधी मूर्खासारखं वागत नाही, कुणी उगाच प्रेमात पडत नाही, कुणाला स्वतःच्या चुकीचं कारण माहीत नाही असं होत नाही. म्हणून या माणसांचं कौतुक वाटतं आणि त्यांच्यापैकी एकाच्याही घरी चहाला जावंसं वाटत नाही.

सहा वर्षांचं काम होतं ते. बाईंनी तो परिच्छेद पुन्हा वाचला, या वेळी फक्त वेल्शमध्ये, मोठ्याने. एकही वाक्य ढकलावं लागत नव्हतं, हे मलासुद्धा ऐकू येत होतं.

“बघ!” बाई उठून उभ्याच राहिल्या. “बघितलंस? ही बाई अजून लिहू शकते!”

“पण तिने तुमच्या पुस्तकाचं…”

“पुस्तकाचं काय घेऊन बसलीस? बरोबर बोलतेय ती. तीस वर्षं मला हे कुणी सांगितलं नाही. आणि वाक्य बघ कसं आलंय!” त्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागल्या. गाल लाल झाले होते. पण मी जायला उठले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. “लागलंय,” म्हणाल्या. “लागायला हवंच होतं. तू पाच मिनिटं थांब.”

मी थांबले. पाच मिनिटांनी त्यांनी कागद ओढला आणि मैत्रिणीला दोन ओळींचं पत्र लिहिलं. तुझा तिसरा परिच्छेद हे यंदाचं आपल्या भाषेतलं सर्वांत चांगलं गद्य आहे. कादंबरी कधी देतेस?

तीन आठवडे उत्तर नव्हतं. त्या तीन आठवड्यांत शेजारच्या आजींच्या केकलाही निकाल मिळाला नाही, बाई नुसतं “दांके” म्हणून आभार मानायच्या, आणि आजी मला जिन्यात गाठून विचारायच्या, “तब्येत बरी आहे ना त्यांची?” मग एक कार्ड आलं. कादंबरी लिहून झालीय. घेऊन येतेय. दया दाखवू नकोस.

मैत्रीण येणार त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, “तू चल. बॅग कोण उचलणार?” येन्याच्या त्या स्टेशनचं नाव पाराडीस, म्हणजे स्वर्ग. बाईंना ते नाव अतिशयोक्त वाटायचं. आम्ही अर्धा तास आधी पोचलो. बाई फलाटावर ताठ उभ्या होत्या, अंगात ठेवणीतला कोट, आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होत्या.

गाडी आली. शेवटच्या डब्यातून एक ठेंगणी बाई काठी टेकत उतरली. दोघी एकमेकींसमोर येऊन थांबल्या. मिठी नाही, हात मिळवणं नाही. मैत्रीण काहीतरी बोलली. बाईंनी एकदम काहीतरी विचारलं, फटकन. मैत्रीण खांदे उडवून एवढंसं बोलली, आणि बाई त्या भरल्या फलाटावर इतक्या मोठ्याने हसल्या की लोक वळून बघायला लागले. मग डोळे पुसायला लागल्या, ते थांबेचना.

मी बॅग उचलली. हस्तलिखितच असणार, दगडासारखी जड होती. “काय म्हणाल्या त्या?” मी हळूच विचारलं.

“म्हणते, नववं प्रकरण वाचून ती अख्खी दुपार रडली होती.”

“मग परीक्षणात का नाही लिहिलं तसं?”

“तेच मी विचारलं.”

“मग?”

“म्हणते, जागा पुरली नाही.”

मैत्रिणीने आमच्याकडे बघत आणखी काहीतरी म्हटलं, बाईंनी लगेच बोट वर करून ते खोडून काढलं, आणि दोघी जिन्याच्या तोंडाशीच थांबून भांडायला लागल्या. मागून सायकल घेऊन आलेला एक माणूस वाट मागत दोनदा “एन्टशुल्डिगुंग”, माफ करा, म्हणाला. कुणी हललं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला खुणेनेच सांगितलं की दुसऱ्या जिन्याने जा, आणि बॅग खाली ठेवून तिच्यावर बसले.